जुनी बॉक्स्टर घेताना: काय तपासायचं आणि कशासाठी पैसे राखून ठेवायचे

पोर्शेची पहिल्या पिढीची बॉक्स्टर, म्हणजे 1997 ते 2004 या मॉडेलची 986, अमेरिकेत आज एखाद्या जुन्या होंडा-टोयोटाच्या भावात मिळून जाते. बऱ्यापैकी जपलेली गाडी साधारण 9 ते 15 हजार डॉलरला पडते. सीटच्या मागे बसवलेलं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन, हाताने टाकायचे गिअर आणि उघडणारा कापडी टप हे सगळं एवढ्या पैशांत दुसऱ्या गाडीत मिळणं कठीण, म्हणून मोह पडतो आणि तो रास्त आहे. पण गाडीचा भाव उतरला तरी तिचे पार्ट आणि मजुरी उतरलेली नाही. पोर्शे जाणणारं खासगी गॅरेज तासाला 150 ते 200 डॉलर घेतं. 6 हजारांची गाडी दिसली म्हणून हुरळू नका. आधीच्या मालकाने दुखणी अंगावर काढलेली असतात आणि त्यांचं बिल नव्या मालकाच्या हातात पडतं. गाडीची किंमत देऊन वर 4 हजार डॉलर शिल्लक राहणार नसतील, तर आणखी काही महिने थांबा.

काही वर्षांत भारतात परतायचा विचार असेल, तर गाडी सोबत नेता येईल हे गृहीत धरू नका. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तयार होऊन 3 वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला चालत नाही. बॉक्स्टर अमेरिकेतच घ्यायची आणि अमेरिकेतच विकायची.

घेण्याआधी

मीटरवरचे मैल नंतर बघा, आधी बिलांची फाइल मागा. 60 हजार मैल झालेली पण दहा वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी घेण्यापेक्षा 1 लाख 20 हजार मैल झालेली आणि दरवर्षी तेल बदललेली गाडी आम्ही आधी घेऊ. उभ्या गाडीची रबरी सीलं वाळतात, कूलंट सडतं, बेअरिंगला तेल मिळत नाही.

तपासणी विकणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या मेकॅनिककडे करा. 250 ते 400 डॉलर लागतील. या तीन गोष्टी त्याला नाव घेऊन सांगा:

तेलाचा फिल्टर उघडून बघायचा. फिल्टर कागदी आहे. त्याचा कागद ब्लेडने कापून घड्या उलगडायच्या आणि प्रखर उजेडात एकेक घडी तिरपी करून पाहायची. काळे प्लॅस्टिकचे बारीक कण दिसले तर ते इंजिनातली चेन ताणून धरणाऱ्या पट्ट्यांचे असतात. थोडेसे असतील तर घाबरू नका, बरेच असतील तर विचारात घ्या. चमकणारे कण दिसले तर त्यावर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते पोलाद, आणि पोलाद म्हणजे बहुधा बेअरिंग. तिथे सौदा संपला.

कॉम्प्युटर जोडून कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) विचलन, म्हणजे तो ठरलेल्या जागेपासून किती सरकलाय, ते वाचायचं. ते दोन्ही बाजूंना 6 अंशांच्या आत हवं आणि इंजिन स्थिर चालत असताना आकडा हलता कामा नये. 2002 पर्यंतच्या इंजिनांत चेन ताणणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजल्या की हा आकडा सरकतो.

2000 पासूनच्या गाड्यांत इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं त्याची नोंदही मिळते. पहिल्या टप्प्यातले, म्हणजे मर्यादा थोडीशीच ओलांडल्याचे, आकडे सोडून द्या. दुसऱ्या टप्प्यात आकडे असतील तर कुणीतरी पाचव्याऐवजी तिसरा गिअर टाकलेला आहे. हे किती तासांपूर्वी झालं तेही तिथेच दिसतं. त्यानंतर गाडी शेकडो तास चालली असेल तर धोका बराच टळलेला आहे.

आयएमएस बेअरिंग आणि क्लचचं काम

या गाडीचं नाव काढलं की लोक आयएमएस म्हणतात. पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत नेणारा एक मधला शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस) असतो. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक बंद बॉल बेअरिंग बसवलेलं आहे. त्यातलं ग्रीस काही वर्षांत तेलाने धुऊन जातं, पण बेअरिंग बंद असल्यामुळे ताजं तेल आत धड पोचत नाही. कोरडं पडलेलं बेअरिंग सुटलं की चेन सरकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. नवं बांधलेलं इंजिन गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडतं.

सुरुवातीच्या गाड्यांत बेअरिंगला गोळ्यांच्या दोन रांगा होत्या आणि ते क्वचितच गेलं. 2000-2001 च्या सुमारास एकेरी रांगेचं बेअरिंग आलं आणि तिथून तक्रारी वाढल्या. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात दुहेरीसाठी 1 टक्क्याहून कमी आणि एकेरीसाठी सुमारे 8 टक्के असे आकडे पुढे आले. म्हणजे बहुतेक गाड्या ठीक चालतात, पण ज्याची गेली त्याला टक्केवारीचा उपयोग नाही. मधल्या दोन वर्षांच्या गाडीत नेमकं कोणतं बेअरिंग आहे, ते झाकण उघडल्यावरच खात्रीने कळतं. कधीतरी इंजिनच बदललेलं असतं, त्यामुळे सालावर विसंबू नका.

बेअरिंगपर्यंत जायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील काढावं लागतं. म्हणून नुसत्या बेअरिंगसाठी गाडी उघडू नका आणि नुसत्या क्लचसाठीही उघडू नका. गिअरबॉक्स खाली आला की सगळं एकदम उरका: क्लच सेट 400 ते 600 डॉलर, बेअरिंगचा किट 700 ते 1000, क्रँकशाफ्टचं मागचं सील जेमतेम 30. फ्लायव्हील दुहेरी वजनाचं असतं. ते हाताने फिरवून बघा, जास्त हललं किंवा परत मूळ जागी आलं नाही तर तेही बदला, आणखी 700 ते 1000 डॉलर. 10 ते 14 तासांची मजुरी धरून हे सगळं 3 ते साडेपाच हजारांत जातं. हाच या गाडीचा मोठा खर्च आहे आणि तो दहा-बारा वर्षांतून एकदा यायला हवा.

काम देताना मेकॅनिकला चार प्रश्न विचारा. बेअरिंग ओढण्याआधी तो क्रँक आणि कॅमशाफ्ट पिनांनी अडकवतो का आणि चेनचे ताण सैल करतो का? नाहीतर शाफ्ट एका बाजूला ओढला जातो आणि टायमिंग चुकतं. आधी फिल्टर आणि तेलाचं खालचं तबक बघतो का? धातूचा चुरा पसरलेल्या इंजिनात नवं बेअरिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण तो चुरा नव्या बेअरिंगलाही खातो. मागचं सील तो कोरडं बसवतो का? आताचं सील टेफ्लॉनचं आहे, त्याला तेल लावून बसवलं की ते गळतं. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घेतो का? ते एकदाच वापरायचे असतात. यातल्या एकाही प्रश्नाला "काही गरज नाही" असं उत्तर मिळालं तर गाडी दुसरीकडे न्या.

इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेलाचा ओलसर डाग दिसला म्हणून सौदा मोडू नका. थेंब जमिनीवर पडत नसेल तर पुढच्या क्लचच्या कामापर्यंत थांबता येतं.

कूलंट

आमच्या मते आयएमएसच्या धाकात लोक कूलंटकडे दुर्लक्ष करतात, आणि गाडी रस्त्यात उभी राहते ती बहुतेक त्यामुळे. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी मागच्या डिकीत उजव्या बाजूला आहे. उष्णतेने ती चिरते. डिकीतला गालिचा उचलून हात फिरवा. ओल किंवा गोडसर वास लागला तर टाकी गेली. टाकीचं झाकणही बदला. नव्या झाकणाचा पार्ट नंबर 04 ने संपतो, जुन्याचा 01 ते 03 ने.

पाण्याचा पंप 60 हजार मैल किंवा 5 वर्षांनी, तो गळायची वाट न पाहता बदला. त्याचा प्लॅस्टिकचा पंखा तुटला तर तुकडे इंजिनच्या वाहिन्यांत अडकतात आणि नेमक्या एका सिलिंडरला पाणी कमी पडतं. धातूचा पंखा टिकाऊ वाटतो, पण बेअरिंग सैल झाल्यावर तो इंजिनचंच घर कोरतो. म्हणून प्लॅस्टिकच घ्या, वेळेवर घ्या. पंप, थर्मोस्टॅट, टाकी आणि ताजं कूलंट एकत्र केलं तर 1200 ते 1800 डॉलर. भरताना हवा अडकू देऊ नका. निर्वात करून भरायचं यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये हे काम करा.

पुढच्या बंपरच्या जाळ्यांत सुकी पानं साचतात आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामध्ये कुजून अॅल्युमिनियम खातात. वर्षातून एकदा बंपर काढून ती हाताने वेचा. दोन तासांचं काम आहे.

तेल आणि धूर

कंपनीचा 15 हजार मैलांचा तेलबदल विसरा. 5 हजार मैल किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. 5डब्ल्यू-40 तेल, सुमारे साडेआठ लिटर. तेल काढायचा ड्रेन प्लग नवा वॉशर घालून 50 न्यूटन-मीटरला आवळायचा, फिल्टरचं घर 25 ला. दरवेळी फिल्टर उलगडून पाहण्याची सवय लावा. बेअरिंग जाण्याची पूर्वसूचना मिळाली तर इथेच मिळते.

गाडी सुरू करताना पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि ओसरलाच नाही, तर तेल-हवा वेगळी करणाऱ्या एओएस नावाच्या डब्याचा पडदा फाटला असणार. इंजिन चालू असताना तेल भरण्याचं झाकण उघडून बघा. ते आतून जोरात ओढलं जात असेल तर निदान पक्कं. हे पुढे ढकलू नका, कारण तेल सिलिंडरमध्ये शोषलं जाऊन इंजिन अडकू शकतं. पार्ट 150 ते 200 डॉलर, पण हात पोचायला अवघड जागा, त्यामुळे मजुरी तीन-चार तासांची.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

पावसात इंजिन अडखळलं तर इग्निशन कॉइलच्या आवरणाला तडे गेलेले असतात. सहाही बदला, सोबत प्लगही. प्लगला 30 न्यूटन-मीटर.

किल्ली फिरवल्यावर एसी किंवा वायपर लागत नसेल तर किल्लीमागचा विजेचा स्विच झिजला आहे. पूर्ण कुलूप बदलायला सांगतील. त्याची गरज नाही, फक्त मागचा प्लॅस्टिकचा भाग बदलतो आणि तोच भाग ऑडीच्या 4ए0 905 849 बी या नंबराने 30 डॉलरच्या आत मिळतो.

टपाच्या कडेला पाणी वाहून जाण्याची छिद्रं आहेत. ती दर पावसाळी हंगामाआधी लवचिक नायलॉनच्या दोरीने साफ करा, तार घालू नका, नळी फाटते. छिद्रं तुंबली की पाणी आत उतरून सीटखाली साचतं, आणि डाव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत चालकाच्या सीटखालीच चोरीरोधक यंत्रणेचा कंट्रोलर बसवलेला आहे. तो भिजला की गाडी सुरूच होत नाही. गाडी बघायला जाल तेव्हा त्या सीटखालच्या गालिच्यावर तळहात दाबून धरा आणि तो कोरडा निघतो का ते बघा.