दहावीच्या निरोप समारंभासाठी साडी घेताना

कोकणातल्या बहुतेक शाळांत दहावीचा निरोप समारंभ बोर्डाच्या परीक्षेआधी, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला होतो, आणि त्या दिवशी साडी नेसायची हे मुलींचे आपसात दिवाळीनंतर लगेच ठरलेले असते. घरात मात्र हा विषय निघतो तो समारंभ आठ दिवसांवर आल्यावर. मग घाईघाईत दुकानात जाऊन डोळ्यांत भरली ती साडी घेतली जाते, आणि तिच्यात चालता येईल का, ब्लाऊज वेळेवर शिवून होईल का, हे प्रश्न पिशवी घरी आल्यावर सुचतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची ही बहुधा दिवसभर नेसायची पहिलीच साडी असते. तिला ती नेसून वाडीतून रस्त्यापर्यंत चालायचे असते, एसटीत चढायचे असते, शाळेच्या पायऱ्या चढून व्यासपीठावर जायचे असते आणि दुपारच्या उकाड्यात मैत्रिणींबरोबर फोटो काढायचे असतात. साडी निवडताना हा सगळा दिवस डोळ्यांसमोर ठेवला, तर निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

सर्वांत आधी शाळेत चौकशी करावी. काही शाळा एकाच रंगाच्या साड्या सांगतात, काही बिनबाह्यांच्या किंवा खोल गळ्याच्या ब्लाऊजला परवानगी देत नाहीत, तर काही शाळांत गणवेशच घालायचा असतो. हे वर्गशिक्षिकांकडून आधी कळले, तर पैसे आणि रुसवेफुगवे दोन्ही वाचतात.

त्यानंतर दुकानात न जाता टेलरकडे जावे. पौषात लग्नाचे मुहूर्त नसल्यामुळे टेलरचा हात थोडा मोकळा असतो. माघ लागला की लग्नघरांचे ब्लाऊज येऊन पडतात, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाची कामे असतात ती वेगळीच. तेव्हा आपल्या टेलरबाई कोणत्या तारखेपर्यंत कापड घेतील हे विचारून ती तारीख पक्की करावी आणि तिच्या आधी साडी हातात पडेल असा बेत करावा. साडीपेक्षा ब्लाऊज बिघडला तर दिवस जास्त खराब जातो, हे कोणतीही आई सांगेल.

नवी साडी घेण्यापूर्वी घरातले कपाट उघडून पाहणे मला तरी आवश्यक वाटते. आई, मावशी, आत्या यांच्याकडे एकदाच नेसून ठेवलेल्या साड्या असतात, आणि एखादी काकू तर कोरी साडी आनंदाने घडी मोडायला देते. परंतु कोकणातल्या पावसाळ्यानंतर कपाटातली साडी न तपासता नेसू नये. ती पूर्ण उलगडून खिडकीसमोर धरावी. रेशमी साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली असेल, तर घडीच्या रेषेवर धागे विरलेले दिसतात आणि तिथे हलकासा ताण दिला तरी कापड फाटते. अशी साडी निऱ्यांच्या भागात विरलेली असेल तर तिचा नाद सोडावा, पण आत खोचल्या जाणाऱ्या टोकाला विरलेली असेल तर ती चालून जाते. काठापदराची जर काळवंडली आहे का, ओलाव्याचे पिवळट ठिपके पडले आहेत का आणि जुन्या पिनांच्या गंजाचे डाग राहिले आहेत का, हेही पाहावे. डांबराच्या गोळ्यांचा वास घालवण्यासाठी साडी चार-पाच दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवावी. त्यावर अत्तर फवारल्यास दोन वासांचे मिश्रण होते आणि ते बरे लागत नाही.

नवीनच घ्यायची असेल, तर रत्नागिरीची रामआळी, चिपळूण, कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडीची बाजारपेठ यांत या कामापुरती भरपूर निवड मिळते. कोल्हापूर किंवा दादरच्या हिंदमातापर्यंत जाण्याची गरज एका साडीसाठी नसते. मुंबईचे नातेवाईक येणारच असतील तर गोष्ट वेगळी. जवळच्या दुकानाचा मोठा फायदा असा, की काही दोष निघाला तर फॉल लावण्यापूर्वी साडी बदलून मिळते. दुकानात जाताना मुलीला बरोबर न्यावे आणि तिने घालायच्या चपलाही न्याव्यात, कारण साडीची उंची चपलांवर ठरते.

कापडाबाबत माझे मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा साडी नेसणाऱ्या मुलीसाठी मध्यम वजनाची जॉर्जेट किंवा मऊ कॉटन सिल्क सर्वांत सोयीची. जॉर्जेटच्या निऱ्या सरळ पडतात, बसून उठल्यावर ती फारशी चुरगळत नाही, आणि एसटीच्या गर्दीतून उतरल्यावरही ती नेसल्यासारखी दिसते. शिफॉन अंगावरून घसरते आणि आरपार दिसते. ऑर्गेन्झा दुकानातल्या पुतळ्यावर फार सुंदर दिसते, पण तिच्या निऱ्या फुगतात आणि एकदा पडलेली चुणी दिवसभर जात नाही. खळ दिलेली सुती साडी नेसायला सोपी असली, तरी तासभराच्या प्रवासात तिची रया जाते. भरजरी काठापदराची साडी हवीच असेल, तर काठ चार बोटांपेक्षा रुंद नसावा. रुंद आणि कडक काठ चालताना पायांत येतो.

सेमी पैठणीचा, म्हणजे यंत्रमागावर विणलेल्या पैठणीसारख्या साडीचा, मोह या वयात हमखास होतो. ती घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त ती सेमी पैठणी म्हणून, तिच्याच भावात घ्यावी. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळजवळ सुलट बाजूइतकाच नीटस असतो; यंत्रमागावरच्या पदराच्या मागे सुटे, लोंबते धागे दिसतात. शुद्ध रेशीम सांगून कोणी भाव लावत असेल, तर सिल्क मार्कचे लेबल मागावे. लोंबते धागे असलेला पदर बांगड्यांत अडकतो, म्हणून पदराला मागून अस्तर किंवा जाळी लावून घेणे चांगले.

दुकानात साडी गादीवर उलगडली की तीन गोष्टी कराव्यात. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट दाबून सोडावा आणि सुरकुत्या किती राहतात ते पाहावे. ओल्या पांढऱ्या रुमालाने काठ हलकेच पुसून रंग लागतो का ते पाहावे, विशेषतः काठ आणि अंग वेगवेगळ्या गडद रंगांचे असतील तर. आणि साडी दुकानाच्या पायरीवर आणून उन्हात पाहावी, कारण ट्यूबलाइटखाली मोरपिशी वाटलेला रंग बाहेर निळा निघतो. लांबीही विचारावी. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते आणि ब्लाऊजपीस जोडून असेल तर एकूण लांबी सव्वासहा मीटरच्या आसपास भरते. स्वस्त साड्यांत कापड कमी दिलेले असते, आणि ऑनलाइन मागवताना तर हा आकडा वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये. कोपरापर्यंत बाह्या हव्या असतील, तर ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाऊजपीस पुरेल का, हे टेलरलाच विचारावे.

रंग मुलीच्या आवडीचा असावा, यात मोठ्यांनी फार पडू नये. एकच गोष्ट तिच्या कानावर घालावी. आपल्याकडच्या शाळांची आवारे जांभ्याची असतात, आणि फेब्रुवारीत तिथली तांबडी धूळ पांढऱ्या, फिकट गुलाबी किंवा मोतिया साडीच्या काठावर अशी बसते, की ती धुतल्यावरही पूर्ण जात नाही. काळी साडी हवी असेल, तर संक्रांतीसाठी दुकानदारांनी काळा माल भरलेला असतो. संक्रांत उलटल्यावर उरलेल्या साड्यांवर घासाघीस करायला वाव मिळतो.

खर्चाचा अंदाज बांधताना फक्त साडीची किंमत धरू नये. फॉल-पिको, अस्तर, ब्लाऊजची शिलाई आणि परकर मिळून साध्या साडीच्या किमतीच्या जवळ जाणारा खर्च सहज होतो. परकर सुतीच घ्यावा, कारण सॅटिनच्या परकरावरून साडी सरकते. तो घोट्याच्या दोन बोटे वर राहील एवढा लांब असावा, आणि पाळीची तारीख जवळ असेल तर गडद रंगाचा. सुती फॉल लावण्यापूर्वी पाण्यात भिजवून वाळवून घ्यावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात. ब्लाऊज शिवताना शिवणीत दोन्ही बाजूंना माया, म्हणजे आत दुमडलेले जास्तीचे कापड, भरपूर ठेवायला सांगावे, कारण या वयात अंग भरत असते आणि तोच ब्लाऊज पुढे बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या लग्नातही घालता येतो. गळा आणि पाठ किती खोल हे मुलीसमोर मोजून ठरवावे. मोबाइलमधला फोटो दाखवून गैरसमजच जास्त होतात.

ब्लाऊज समारंभाच्या निदान चार दिवस आधी घरात यावा, आणि त्यानंतर एका संध्याकाळी मुलीने पूर्ण साडी नेसून तासभर घरात वावरावे. जिना चढावा, जेवायला बसावे, शौचालयात जाऊन यावे, आणि एसटीच्या पायरीएवढ्या उंच ओट्यावर एकदा चढून पाहावे. बारीक अंगाच्या मुलीला साडेपाच मीटर साडी जास्त होते आणि निऱ्यांचा गठ्ठा पोटाशी येतो. अशा वेळी पदर गुडघ्याखाली लांब सोडला की उरलेले कापड जिरते. निऱ्यांना आतून एक आणि खांद्यावर एक पिन पुरते. रेशमी कापडावर पिनेखाली लहानसे बटण ठेवले तर छिद्र मोठे होत नाही. उंच टाचांच्या सँडलचा हट्ट असेल, तर त्याही याच संध्याकाळी घालून अंगणातल्या चिऱ्यांवर चालून पाहावे. पुढची चर्चा बहुधा करावी लागत नाही.

दागिने थोडे आणि हलके असावेत. केसांत अबोली किंवा शेवंतीची वेणी सहज मिळते, आणि वेंगुर्ले-शिरोड्याच्या बाजूला सुरंगी लवकर फुलली असेल तर तिच्या वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, दुसरा पर्याय नाही.

समारंभाहून परतल्यावर सर्व पिना त्याच रात्री काढाव्यात, कारण खाऱ्या हवेत त्या लवकर गंजतात. साडी घामाने ओलसर असताना घडी न करता ती रात्रभर दोरीवर सोडावी आणि काठाची धूळ वाळल्यावर मऊ ब्रशने झटकावी. ओल्या फडक्याने पुसल्यास ती कापडात मुरते. साडी मावशीची किंवा काकूची असेल, तर धुण्यापूर्वी तिला फोन करून विचारावे, कारण घरी धुतलेली रेशमी साडी परत घेताना कोणाच्याही चेहऱ्यावर आनंद दिसत नाही.