खारफुटी शिबिराचे अभिप्राय तपासताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं खारफुटी (खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) बघायला घाट उतरतात. कुणी चोर्ला घाटातून गोव्यातल्या चोडण बेटावर जातं, कुणी अणशी घाटातून कारवारला काळी नदीच्या मुखाशी, कुणी आंबोलीतून वेंगुर्ल्याला. परत आल्यावर अभिप्रायाचे फॉर्म गोळा होतात, पाचपैकी सरासरी ४.६ निघते, अहवालात ‘उपक्रम अत्यंत यशस्वी’ छापलं जातं आणि गठ्ठा कपाटात जातो. पण तो आकडा बहुतेक वेळा खारफुटीचा नसतोच. तो समुद्राचा असतो.

घाटमाथ्यावरच्या बऱ्याच मुलांची भरती-ओहोटीशी ही पहिलीच भेट असते. होडी, वाळू, मित्रांबरोबरचा मुक्काम, ताटातला मासा या सगळ्याचा आनंद प्रत्येक उत्तरात झिरपतो. गाईडचं बोलणं मागच्या रांगेत ऐकूच आलं नसलं तरी ‘माहिती कशी वाटली?’ला पाचपैकी पाच मिळतात. ओळखायचं कसं? फॉर्मवर बस, जेवण, माहिती आणि वृक्षारोपण या चौघांनाही एकच गुण दिसला, तर मुलानं प्रश्न न वाचता खुणा केल्या असण्याची दाट शक्यता आहे. असे फॉर्म फेकू नका, वेगळे मोजा. पाचात एखादा असेल तर चालून जाईल. निम्मे असतील तर चूक मुलांची नाही, फॉर्मची आहे.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चित्र. पाव पान कोरं सोडा आणि सांगा: ‘तिवर आणि कांदळ यांची मुळं काढून दाखव.’ ही दोन्ही खारफुटीचीच झाडं. तिवरीची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी सरळ वर येतात, कांदळाची आधारमुळं खोडातून कमानीसारखी खाली उतरतात. दोन्ही बरोबर असतील तर २ गुण, एक बरोबर असेल तर १, नाहीतर शून्य. मराठी माध्यम, कन्नड माध्यम हा प्रश्न इथे येतच नाही, आणि शेजाऱ्याचं बघून काढलेलं चित्र लगेच कळतं. मात्र हे बसमध्ये करून घेऊ नका. घाटात निम्म्या मुलांना गाडी लागलेली असते. जागेवर पाच मिनिटांत फक्त दोन प्रश्न विचारा (काय आवडलं, काय अडलं), आणि चित्र व ज्ञानाचे प्रश्न दोन-तीन आठवड्यांनी वर्गात घ्या. तोवर टिकलेलं तेच खरं शिकलेलं.

आधी-नंतरची तुलना उलटी का पडते

जाण्यापूर्वी ‘मला खारफुटीबद्दल माहिती आहे’ या वाक्याला मूल ४ देतं, कारण पुस्तकात त्यावर एक परिच्छेद वाचलेला असतो. चिखलात उभं राहिल्यावर आपल्याला किती थोडं ठाऊक होतं हे कळतं आणि तेच मूल ३ देतं. कागदावर घसरण दिसते आणि आयोजक घाबरतात. स्वतःच्या माहितीबद्दलचा असा प्रश्न शिबिरानंतर एकदाच, दोन रकान्यांत विचारा: ‘तेव्हा किती माहीत होतं’ आणि ‘आता किती माहीत आहे’. पण मुलं आपल्याला खूश करायला दुसरा रकाना फुगवतात, म्हणून सोबत खरेखुरे ज्ञानाचे प्रश्न हवेतच, आणि ते आधी-नंतर अगदी तेच ठेवा. चार पर्यायांचे आठ प्रश्न असतील तर नुसत्या अंदाजानं सरासरी दोन बरोबर येतात, हे विसरू नका. प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ हा पाचवा पर्याय ठेवा आणि तो निवडला तर गुण जाणार नाहीत हे मोठ्यानं सांगा.

आधीचा आणि नंतरचा फॉर्म जुळवायला नाव विचारू नका. नाव आलं की भीड आली. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला फक्त दिवस आणि भावंडांची संख्या असा सांकेतिक क्रमांक पुरतो, उदाहरणार्थ सु-०७-२. गोंधळ होतो तो एकदा मराठी, एकदा कन्नड, एकदा इंग्रजी अक्षर लिहिल्यामुळे, किंवा ०७ ऐवजी ७ लिहिल्यामुळे. फळ्यावर नमुना काढून दाखवा. फॉर्म सरांच्या किंवा बाईंच्या हातात न देता खोक्यात टाकायला लावा आणि त्या वेळी शिबिराचे सर वर्गात नसले तर उत्तम. अंतर्गत गुण या फॉर्मवर अवलंबून असतील तर अभिप्राय घेण्याचे कष्टच करू नका.

उत्तरसूचीच चुकलेली

हे फारसं कुणी तपासत नाही. ‘आपल्या गावचं पावसाचं पाणी चोडणच्या खारफुटीपर्यंत पोचतं का?’ हा प्रश्न सुरेख आहे, पण उत्तर गावागणिक बदलतं. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते आणि पुढे मांडवी होऊन चोडणला वळसा घालते, म्हणजे तिच्या खोऱ्यातल्या मुलाचं ‘हो’ बरोबर. त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेला कृष्णेकडे जाते. बेळगावजवळची मार्कंडेय घटप्रभेतून आणि निपाणीकडची वेदगंगा दूधगंगेतून कृष्णेलाच मिळते. सगळ्यांना एकच उत्तरसूची लावली तर बेळगावच्या हुशार मुलीचं बरोबर ‘नाही’ चूक ठरतं. गावानुसार सूची करा.

भाषेचंही तसंच. दोन्ही माध्यमांची मुलं असतील तर फॉर्म दोन्ही भाषांत असावा. मराठीवरून कन्नड केलेला मजकूर तिसऱ्या माणसाकडून परत मराठीत आणवा. ‘काहीसा असहमत’सारखी कागदी भाषा तिथे लगेच उघडी पडते. त्याऐवजी ‘अजिबात नाही, थोडंसं, बरंच, पूर्ण’ असे चार पर्याय पुरतात. ‘गाईडनं नीट सांगितलं आणि होडी सुरक्षित होती’ असा जोडप्रश्न नको, कारण एकच बाजू खरी असेल तर मूल अडकतं. पाचच्या मापावर एखादं वाक्य नकारार्थी ठेवलं असेल (‘मला कंटाळा आला’), तर बेरजेआधी त्याचे गुण उलटवा: ६ वजा दिलेला गुण. हे राहून गेलं की चांगल्या तुकडीची सरासरी वाईट दिसते.

भरतीची वेळ न लिहिणं

एका तुकडीनं ‘मुळं छान दिसली’ लिहिलं, दुसरीनं ‘काहीच दिसलं नाही’. आयोजक दुसऱ्या तुकडीच्या गाईडला झापतात. खरं कारण बहुधा पाण्यात असतं: भरतीला श्वसनमुळं बुडतात आणि होडीतून फक्त हिरवा पडदा दिसतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सोमवारी जमलेलं वेळापत्रक शुक्रवारी जमत नाही. प्रत्येक तुकडीच्या गठ्ठ्यावर तारीख, जागा, पोचण्याची वेळ आणि ओहोटीची वेळ लिहा. तुलना त्यानंतर.

आकडे

समजा ४० फॉर्म आहेत. सगळ्यांनी ४ दिले तरी सरासरी ४, आणि २० जणांनी ५ व २० जणांनी ३ दिले तरी ४. दुसऱ्या ठिकाणी निम्मा वर्ग कुठेतरी नाराज आहे आणि सरासरी ते झाकते. प्रत्येक पर्यायाला किती मतं पडली ते छापा. गट ३० पेक्षा लहान असेल तर टक्के लिहूच नका. बारापैकी बरोबर उत्तरं देणारे ३ चे ६ झाले, त्याला ‘शंभर टक्के वाढ’ म्हणणं हसं करून घेणं आहे. किती गेले आणि किती फॉर्म आले तेही लिहा, ‘५२ पैकी ३१’ असं. न आलेल्या २१ मध्ये अनेकदा तेच असतात, ज्यांना त्रास झाला.

मोकळ्या प्रतिक्रियांतून चार गोड वाक्यं उचलणं हा तर सर्रास प्रकार. सगळ्या प्रतिक्रिया मुलांच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता, एकाखाली एक उतरवा. पहिल्या २५ वाचून सहा-सात खाने ठरवा: झाडं-मुळं, पक्षी-खेकडे, स्थानिकांचं बोलणं, प्रवास, जेवण-मुक्काम, सूचना. ‘लई भारी’, ‘मस्त’ यांचा खाना वेगळा, त्यांना कशाचाही पुरावा धरू नका. दुसऱ्या माणसानं त्याच २५ न बघता स्वतंत्रपणे लावाव्यात. पाचाहून जास्त ठिकाणी मतभेद झाला तर खान्यांच्या व्याख्या ढिल्या आहेत. ‘चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुतला’ ही तक्रार आहे की फुशारकी, हे नुसत्या वाक्यावरून कळत नाही. त्याला ‘अनिश्चित’ची खूण करा आणि जमल्यास वर्गातच सगळ्यांना विचारा.

रोपांबद्दल मुलांना विचारणं

‘आपण लावलेली रोपं जगतील का?’ला सगळे हो म्हणतात आणि ते अहवालात संवर्धनाचा पुरावा म्हणून जातं. ती आशा आहे, मोजणी नाही. ५० रोपांना खुणेच्या काठ्या लावा आणि ३, ६ व १२ महिन्यांनी जिवंत किती ते तिथल्या माणसाकडून मोजून घ्या. फार खालच्या पातळीवर लावलेलं रोप जास्त वेळ पाण्याखाली राहतं, खोडावर शिंपल्यांसारखे कवचाचे जीव चिकटतात, प्लास्टिक गुंडाळलं जातं. तिवरीचा पाला गुरंही खातात. आणि मुलांना ‘रिकामा’ दिसलेला चिखल रिकामा असतोच असं नाही. २०२४ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आलेल्या, उत्तर कन्नडातल्या अघनाशिनीच्या खाडीत अशाच उघड्या पट्ट्यांवर शिंपले गोळा करून घरं चालतात. तिथे झाडं लावणं म्हणजे कुणाच्या तरी रोजगारावर लावणं. म्हणून होडीवाले, शिंपलेवाल्या बाया, खाजणाचे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीचे) शेतकरी यांचं मत मुलांच्या फॉर्मात मिसळू नका. त्यांच्याकडे कागद न नेता, त्यांच्या कोकणी-कन्नडात, ओहोटीची घाई नसेल अशा वेळी चारच प्रश्न तोंडी विचारा, आणि पहिला हा असू द्या: ‘मुलं आली त्या दिवशी तुमचं काम अडलं का?’