आय-४८५ प्रलंबित असताना एच-वन-बी कसा टिकवायचा

२०२० च्या ऑक्टोबरात व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेच्या मासिक पत्रकात, भारताच्या ईबी-थ्रीची (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या एका वर्गाची) अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत आली. त्याआधी रांगेत लागलेल्यांना आता अर्ज भरता येणार होता. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत त्या महिन्यात एकच धावपळ होती: जन्मदाखले, लग्नाचं प्रमाणपत्र, लसींच्या नोंदी, मेडिकल. आमच्या आय-४८५ ची, म्हणजे ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्यातल्या अर्जाची, पावती आली त्या दिवशी बायकोने पुरणपोळ्या केल्या. आठवड्याभरात मित्राचा फोन आला, "आता ईएडी येईल. एच-वन-बीच्या कटकटीतून सुटलो एकदाचे!"

ईएडी म्हणजे काम करायची परवानगी देणारं कार्ड, आणि एच-वन-बी म्हणजे एका ठरावीक कंपनीने काढलेला नोकरीचा व्हिसा. मी त्याला तेव्हा जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. आय-४८५ प्रलंबित असेपर्यंत देशात राहायची मुभा असते, पण ती फक्त त्या अर्जाच्या जिवावर. अर्ज नामंजूर झाला की मुभा गेली, तिच्याबरोबर ईएडीही गेलं. खाली वैध एच-वन-बी असेल तर नोकरी चालू राहते, मुलांची शाळा सुटत नाही आणि पुन्हा अर्ज करायला उसंत मिळते. शिवाय हा काळ महिन्यांचा असेलच असं नाही. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात, त्यात बायकामुलंही मोजली जातात आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. अर्ज भरल्यावर तारीख मागे सरकली, तर तो वर्षानुवर्षं पडून राहतो.

पहिलं काम: आय-९४ बघा

पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प फक्त दारातून आत येण्यापुरता असतो. किती दिवस राहायचं ते आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद) ठरवतं. हे मी ठेच लागून शिकलो. गणपतीला पुण्याला जाऊन परत आलो, तेव्हा आय-७९७ वर (एच-वन-बी मंजुरीच्या पत्रावर) अजून दोन वर्षं होती, पण पासपोर्टची मुदत आठच महिने उरली होती. अधिकाऱ्याने आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच दिला. मी बघितलंच नाही. तीन महिन्यांनी ड्रायव्हिंग लायसन्स नूतनीकरणाला गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून वेगळीच तारीख वाचून दाखवली. हातपाय गार पडले. सुदैवाने मुदत उलटली नव्हती. नवा पासपोर्ट काढला, एकदा देशाबाहेर जाऊन आलो आणि पूर्ण मुदतीचा आय-९४ मिळाला. दुसरा मार्ग होता तो म्हणजे ती तारीख उलटण्याआधी कंपनीकडून मुदतवाढीचा अर्ज करून घेणं.

तेव्हा परत आल्यावर त्याच संध्याकाळी सीबीपीच्या (सीमेवर प्रवेश तपासणाऱ्या खात्याच्या) संकेतस्थळावरून घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ उतरवून घ्या आणि तारीख आय-७९७ शी ताडून बघा. पासपोर्टला वर्षभराहून कमी मुदत उरली की आधी तो नवा करा, मग तिकीट काढा.

मुदतवाढ: एचआरच्या मागे लागा

एच-वन-बीची साधारण मर्यादा सहा वर्षांची. त्यापुढची वाट २००० च्या एसी-ट्वेंटीवन कायद्याने मोकळी केली. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर असेल आणि प्रायॉरिटी डेट करंट नसेल, म्हणजे रांगेत तुमचा नंबर आलेला नसेल, तर तीन वर्षांची वाढ मिळू शकते. पर्म (त्याआधीचा, कामगार खात्याकडचा अर्ज) किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील, तर एकेका वर्षाची.

मुदत संपण्याच्या सहा महिने आधी अर्ज करता येतो. त्या दिवसाची कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि एचआरला लेखी आठवण द्या. अनेक कंपन्या म्हणतात, "तुमच्याकडे ईएडी आहे ना, मग एच-वन-बीचा खर्च कशाला?" इथे भिडस्तपणा सोडा. मुदतवाढ हवी असल्याचं ईमेलवर स्पष्ट लिहा. अर्ज वेळेत पोचला, तर जुनी मुदत संपल्यावरही त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करता येतं.

ईएडी घ्या, पण वापरू नका

आय-७६५ (ईएडीचा अर्ज) आणि आय-१३१ (अ‍ॅडव्हान्स परोलचा, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या परवान्याचा अर्ज) जरूर भरा. कार्ड हाती असल्याने एच-वन-बीला काही होत नाही, ते कामासाठी वापरलं की होतं. नव्या नोकरीत आय-९ (काम करण्याच्या हक्काचा फॉर्म) भरताना संगणक विचारतो, कोणता पुरावा देणार? ईएडीचा फोटो चढवायला सोपा, म्हणून लोक तोच चढवतात आणि त्या क्षणी एच-वन-बी हातचा जातो. तिथे पासपोर्ट आणि एच-वन-बीचा आय-९४ द्या. शनिवार-रविवारी ईएडीवर दुसरीकडे काम करणं, टॅक्सी चालवणं, हेही टाळा.

नुसत्या ईएडीवर राहणाऱ्यांचं २०२५ मध्ये अवघड झालं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाला ५४० दिवसांची आपोआप मिळणारी वाढ बंद झाली. डिसेंबरात आय-४८५ वाल्या कार्डाची मुदत पाच वर्षांवरून १८ महिन्यांवर आली. नवं कार्ड यायला उशीर झाला, तर जुनं संपेल त्या दिवशी काम थांबवावं लागतं.

जोडीदाराचा एच-फोर (एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) तुमच्या एच-वन-बीवर टेकलेला असतो. तुम्ही ईएडीवर गेलात की त्याचाही आधार जातो. जोडीदार नोकरी करत असेल, तर जमेल तोवर एच-फोरवर मिळालेलं ईएडी वापरणं सुरक्षित.

भारतात जाताना

वैध एच-वन-बी असेल आणि त्याच नोकरीवर परतणार असाल, तर अ‍ॅडव्हान्स परोल नसतानाही देशाबाहेर जाता येतं आणि आय-४८५ सोडून दिला असं धरत नाहीत. फक्त परतताना पासपोर्टवर वैध स्टॅम्प लागतो. एच किंवा एल (कंपनीअंतर्गत बदलीचं) स्टेटस नसलेला माणूस मात्र परोल हातात नसताना बाहेर पडला, तर सहसा त्याचा अर्जच बाद होतो.

स्टॅम्प संपलेला असेल तर मुंबईच्या बीकेसीत अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत. सप्टेंबर २०२५ पासून एच-वन-बीवाल्यांची ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय स्टॅम्प मिळवायची, सोय गेली. डिसेंबरात समाजमाध्यमांच्या तपासणीमुळे ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या, आणि दोन आठवड्यांसाठी गेलेली माणसं तिकडेच अडकली. इकडे भाडं चालू, मुलं शाळेत, मॅनेजर विचारतोय कधी येणार. म्हणून परोल मंजूर करून कपाटात ठेवाच. आईवडिलांच्या आजारपणाचा फोन रात्री दोनला येतो, तेव्हा अर्ज भरायला वेळ नसतो. परोलवर परत आलात, तरी मंजूर एच-वन-बीच्या मुदतीत त्याच कंपनीत काम चालू ठेवता येतं, आणि पुढची मुदतवाढ मंजूर झाली की एच-वन-बी स्टेटस पुन्हा मिळतं.

नोकरी बदलली किंवा गेली तर

नोकरी गेली की एच-वन-बी टिकवायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ आधी संपत असेल तर तेवढेच. नव्या कंपनीने त्या आत एच-वन-बी दाखल केला, तर तो दाखल होताच काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. आय-१४० मंजूर आणि आय-४८५ ला १८० दिवस झालेले असतील, तर त्याच किंवा मिळत्याजुळत्या कामासाठी सप्लिमेंट-जे (नव्या नोकरीची खात्री देणारा फॉर्म) भरून जुना अर्ज पुढे चालवता येतो. त्या ६० दिवसांत एच-वन-बी देणारी कंपनी मिळालीच नाही, तर बिनदिक्कत ईएडी वापरा. ते अशाच वेळेसाठी काढून ठेवलेलं असतं.

कंपनी तीच, पण कामाचं ठिकाण जर्सी सिटीहून डॅलसला हललं, तरी आधी सुधारित अर्ज लागतो. घरून काम करणारे हे हमखास विसरतात. घराचा पत्ता बदलला तर दहा दिवसांत यूएससीआयएसला (हे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याला) कळवा.

एक फाइल

सगळे आय-७९७, प्रत्येक प्रवेशाचा आय-९४, पे-स्टब (पगारपत्रक), डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचं आणि कराचं पत्रक), आणि बिनपगारी रजा घेतली असेल तर तिचं पत्र. शेवटच्या प्रवेशानंतर स्टेटसमध्ये एकूण १८० दिवसांपर्यंतची चूक झाली असेल, तर नोकरीवर आधारित अर्जात कायदा ती पोटात घालतो, पण दिवस मोजायला कागदच लागतात.

यातली एकही गोष्ट तुमच्या बाबतीत वेगळी असेल, तर वकिलाला विचारा, आणि तोही स्वतःचा. कंपनीने नेमलेला वकील कंपनीचाही वकील असतो. नोकरी सोडायचा विचार त्याच्यापाशी बोलण्याआधी बाहेरच्या वकिलाला एका तासाचे पैसे द्या आणि ही फाइल घेऊन बसा.