गेमचा डेटा वाचताना या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

जून-जुलै आला की कोणीतरी मला एक्सेल फाइल पाठवतं. सोबत निरोप: ‘ताई, मुलांनी सर्किटचा गेम खेळलाय. त्यांना कळलंय का, तेवढं डेटा बघून सांगा ना.’ जणू मी नाडीपरीक्षा करते! फाइल उघडायच्या आधीच त्यातल्या दोन-तीन चुका मला ठाऊक असतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे जास्त वेळ लागला, जास्त वेळा चुकलं, की ‘या मुलाला समजलं नाही’ असा शिक्का मारणं.

आमचा गेम साधा होता. सेल, बल्ब, वायर आणि कळ पडद्यावर ओढून जोडायची, बल्ब लागला की लेव्हल पार. एका शाळेच्या अहवालात सातवीतल्या एका मुलीची ओळ लालभडक दिसत होती. एकाच लेव्हलवर १९ मिनिटं आणि ३१ वेळा ‘चूक’. बाकीचा वर्ग चार मिनिटांत पुढे गेलेला. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने तिच्यासाठी जादा तासाची शिफारसही लिहून ठेवली होती. त्याला म्हटलं, थांब, आधी तिच्या चाली ओळीने वाच.

पहिल्या प्रयत्नात तिने सेलच्या दोन्ही टोकांना वायर थेट जोडली होती. मध्ये बल्बच नाही. आमच्या गेममध्ये असं केलं की सेल पेट घेतो. (कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ सिम्युलेशनमध्येही अशीच आग लागते, आणि मुलांना ती भयंकर आवडते.) मग तिने मध्ये एक बल्ब घातला, आग नाही. इथेच लेव्हल पार झाली होती, पण ‘पुढे’ बटण दाबलंच नाही. दोन सेल एक बल्ब, आग नाही. तीन, चार, नाही. पाच सेल एक बल्ब, आग! मग पाच सेल तसेच ठेवून बल्ब दोन केले. आग गेली. पुढे असंच. गेमच्या हिशोबी त्या ३१ चुका. पण प्रत्येक वेळी तिने एकच गोष्ट बदलली होती, बाकी सगळं जागच्या जागी. पुढे शाळेत गेल्यावर तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “मॅडम, आग कधी लागते ते बघत होते.”

आणि चार मिनिटांवाले? त्यांतल्या बऱ्याच जणांनी दोन-दोन सेकंदांत वायरी इकडच्या तिकडे करून बल्ब कसाबसा पेटवला होता. पुढच्या लेव्हलला पुन्हा तेच.

तेव्हापासून माझी सवय अशी, की सरासरी काढायच्या आधी दहा मुलांचे लॉग (गेमने टिपलेली प्रत्येक चालीची नोंद) चहा घेत ओळ न् ओळ वाचायचे. दोन प्रयत्नांच्या मध्ये काय बदललं, एवढंच बघायचं. एकच गोष्ट बदलली तर मूल काहीतरी तपासून बघतंय, सगळंच बदललं तर चाचपडतंय. यात एक अख्खी दुपार जाते. नव्या मंडळींना ती दुपार द्यायची नसते, त्यांना थेट रंगीत तक्ते हवे असतात.

दुसरी चूक ‘एक लॉगिन म्हणजे एक मूल’ समजण्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका टॅबभोवती तीन-चार डोकी असतात, हे ज्याने तो वर्ग पाहिलाय त्याला सांगावं लागत नाही. आम्ही पाहिला नव्हता. आमचा ‘टॅब ७’ सोमवारी समांतर जोडणी झटक्यात करायचा आणि मंगळवारी त्याला साधी कळ कुठे लावायची ते कळेना. आम्ही दोन आठवडे ‘विसरण्याचा वेग’ मोजत बसलो, आलेखसुद्धा काढला! मग वर्गात मागे जाऊन बसले, तर तास बदलला की हात बदलत होता.

उपाय म्हणून गेम सुरू होताना ‘टॅब कोणाच्या हातात आहे?’ असं विचारून प्राण्यांची चित्रं दिली. पहिल्या आठवड्यात अख्खा वर्ग वाघ. शेवटी बाईंच्या टेबलावर एक शंभर पानी वही ठेवली: टॅबचा नंबर, हजेरी क्रमांक, वेळ. ती वही आमच्या सर्व्हरपेक्षा खरी निघाली. वही जमत नसेल तर सरळ गटाचा डेटा म्हणा, एका मुलाच्या नावावर खपवू नका.

गेम जिंकला म्हणजे विज्ञान कळलं, हेही डोक्यातून काढा. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत व्हॅलरी श्यूट यांच्या गटाचा ‘फिजिक्स प्लेग्राउंड’ नावाचा गेम आहे. त्यात उतरण, तरफ, लंबक असं काहीतरी पडद्यावर रेखाटून चेंडू फुग्यापर्यंत न्यायचा. काही मुलांनी तरफ-बिरफ काही काढलं नाही, चेंडूखाली वेड्यावाकड्या वस्तूंची थप्पी रचून त्याला वर ढकललं. लेव्हल पार, भौतिकशास्त्र शून्य. मी गेमनंतर एक कागदी प्रश्न विचारतेच: बल्बच्या आधी आणि नंतर वायरमधला विद्युतप्रवाह सारखाच की कमी? तो सारखाच असतो. पण सगळ्या लेव्हल जिंकलेली मुलंही छातीठोकपणे ‘कमी’ लिहितात, का, तर ‘बल्बने खाल्ला’.

बाकीच्या चुका चटकन सांगते. फक्त गेम पूर्ण केलेल्यांचाच डेटा घेऊ नका, मधेच सोडून गेलेल्यांनी कुठे सोडलं तेच खरं कामाचं. प्रयोग चालू असताना लेव्हल ‘जरा सुधारू’ नका. लॉगमध्ये नुसतं ‘लेव्हल पूर्ण’ नोंदवलं असेल तर मला फाइल पाठवूच नका.

सर्व्हरची वेळ बघा. ती बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी ११ चा तास फाइलमध्ये पहाटे ५:३० ला दिसतो. ‘ग्रामीण मुलं पहाटे उठून विज्ञान शिकतात’ असा निष्कर्ष मी एका सादरीकरणात खरंच पाहिलाय, लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आणि कृपा करून मुलांची नावं पाठवू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांच्या संमतीचा मुद्दा आहे. कायदा नसता तरी मला ती नावं नकोच असतात. गेल्या आठवड्यात आलेल्या फाइलमध्ये नावं तर होतीच, वर पालकांचे मोबाइल नंबरही. पुसून टाकली आणि नवी मागितली. दोन दिवसांनी आली. नावं नव्हती, नंबर नव्हते. मुलं मात्र अजून पहाटे साडेपाचलाच खेळत होती.