अंदमान: हॉटेल शेवटी, बोट आधी

अंदमानला जाताना बहुतेक जण विमान आणि हॉटेल आधी बुक करतात. मग हव्या त्या तारखेला बोटच मिळत नाही आणि हॉटेलचे पैसे अडकतात. क्रम उलटा करा.

१. विमानाचं तिकीट काढलं की लगेच हॅवलॉक (स्वराज द्वीप), नील (शहीद द्वीप) आणि परतीच्या बोटी बुक करा. हॉटेलं त्यानंतर, बोटींच्या वेळा बघून.

२. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम)–हॅवलॉक–नील–पोर्ट ब्लेअर असा फेरा ठेवा. हॅवलॉकहून नीलला थेट बोट असते, त्यामुळे मध्ये पोर्ट ब्लेअरला परतून एक बोट आणि अर्धा दिवस वाया जात नाही.

३. सेल्युलर जेल शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची, हे अजिबात सोडू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. त्याच संध्याकाळचं विमान असलेलं एक कुटुंब, आजींसकट, जेट्टीवर बॅगांवर बसून रडकुंडीला आलेलं मी पाहिलंय.

एक सांभाळा: हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर दुपारी साडेतीनपर्यंत पोहोचा. आणि रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या.