कॅलिपर बदलूनही चाक धरतंच: जुन्या पिकअपचा ब्रेक

नवे पॅड, नवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), तरी महिन्याभरात पुढचं एकच चाक तापतं आणि गाडी त्याच बाजूला ओढते. अशा वेळी तिसरा कॅलिपर आणण्याआधी होज पाइप, म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणारी रबरी नळी, तपासा. जुना रबरी होज आतून फुगतो. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येताना अडकतं. वरून मात्र तो धडधाकट दिसतो, म्हणूनच फसगत होते.

दुसऱ्या चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावा, चाक जॅकवर उचलून स्टँडवर घ्या. पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा. चाक जाम राहिलं, तर आधी होजच्या वरच्या टोकाचा लोखंडी पाइपचा नट किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष वर आहे: मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइल दाबणारा पंप) खराब, किंवा पुशरॉडला (पेडल आणि त्या सिलिंडरमधली दांडी) मोकळा खेळ नाही. सुटलं नाही, तर नट आवळून कॅलिपरवरचा ब्लीडर निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा. इथे सुटलं तर होजच खराब. तरीही जाम असेल, तर दोष कॅलिपरचा पिस्टन किंवा गंजलेल्या स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) यांचा.

होज दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवेच हवेत, जुने पाझरू शकतात. नंतर ब्रेकच्या पाइपमधली एअर (हवा) काढा. बाटलीतलं ऑइल ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, आणि सीलबंद हवं. उघडं ठेवलेलं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कॅलिपर काढल्यावर तो होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.