क्लच घसरत होता, मूळ होतं ऑइल सीलमध्ये

नांगर जमिनीत टेकला की इंजिन रेस व्हायचं, ट्रॅक्टर मात्र जागचा हलेना. वर जळका वास. क्लच पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीची मोकळी चाल, संपला होता. तो 25 मिलिमीटर ठेवला, तरी घसरणं थांबेना. गिअर टाकताना कर्रकर्र व्हायची, म्हणून गिअरबॉक्सचं तेल काढून पाहिलं. त्यात लोखंडाचा कीस नव्हता, जीव भांड्यात पडला.

मग ट्रॅक्टर मधोमध खोलला. क्लच प्लेटवर बोट फिरवलं तर काळं तेल, रिव्हेट वर आलेले. इंजिनचं मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, झिरपत होतं. नुसती प्लेट बदलली असती तर तीही भिजलीच असती! सील, प्लेट, रिलीज बेअरिंग नवं घातलं. क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं, म्हणजे पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग ज्यांना ढकलतं ते लिव्हर, एका उंचीत लावली आणि कर्रकर्रही गेली.